शून्यं मोजताना चूक होऊ नये म्हणून

"ताई, बँकेतला हिशेब तारेतून जातो तरी कसा?" असं बैठकीत आम्हाला विचारतात. आज तेच सांगतो.

यंत्राला सगळं 0 आणि 1 मध्ये कळतं. साधी रीत अशी, की 1 साठी तारेवरचा विजेचा दाब वाढवायचा, 0 साठी कमी ठेवायचा. पण ओळीनं शेकडो शून्यं आली, तर? तार नुसती गप्प. घेणाऱ्या यंत्राचं घड्याळ जरा मागंपुढं झालं, की एखादं शून्य कमीजास्त मोजलं जातं, आणि पुढचा सगळा निरोप सरकतो.

यावर एक उपाय इंग्लंडच्या मँचेस्टर विद्यापीठात निघाला. बैठकीत करून बघा. एकीनं टाळीचा ठेका धरायचा. दुसरीनं प्रत्येक टाळीला हात हलवायचाच: खालून वर म्हणजे 1, वरून खाली म्हणजे 0. आता शून्यं कितीही येवोत, बघणारीची मोजणी चुकत नाही. टाळी थांबवली, तरी हातावरूनच ठेका कळतो.

मात्र ओळीनं दोनदा 1 दाखवायचा, तर मध्ये हात गुपचूप खाली आणावा लागतो. म्हणजे हालचाल दुप्पट, तारेवर भारही दुप्पट. म्हणून 10 मेगाबिट वेगाच्या जुन्या इथरनेटला ही रीत चालली. पुढं गिगाबिटच्या फायबरवर 8 खुणांच्या जागी 10 पाठवू लागले. त्या अशा निवडलेल्या, की एकच खूण सलग पाचांपेक्षा जास्त वेळा येतच नाही.

दोन खुणा जादा जातात, पण मोजणी बिनचूक राहते. पुढच्या बैठकीत मुलींनाही हा खेळ शिकवा.