अर्ज धाडण्यापूर्वी



१८८३ सालच्या जून महिन्यात अठरा वर्षांची एक मराठी मुलगी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला तिने फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले. ही मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. ते पत्र आजही उपलब्ध आहे, आणि अमेरिकेत शिकावयास जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलाने ते एकदा वाचावे असे मला वाटते. त्यात आत्मस्तुती नाही. आपली गोष्ट चारचौघींसारखी नाही, हे ती सरळ सांगते. इष्टमित्रांचा आणि ज्ञातीचा विरोध सोसून इतक्या दूर आले, ही आपल्या निर्धाराची साक्ष ती पुढे ठेवते. आणि पुरुष वैद्याच्या उपचारापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींसाठी ही विद्या हवी आहे, असा हेतू बोलून दाखविते. तिला प्रवेश मिळाला आणि १८८६ साली ती एम. डी. झाली.

आता पत्राची जागा संगणकावरील अर्जाने घेतली आहे. १९७५ साली पंधरा महाविद्यालयांनी मिळून एक समाईक अर्ज सुरू केला, तो ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’. आज हजाराहून अधिक संस्था तो स्वीकारतात. आपल्याकडे प्रवेश म्हणजे बहुधा गुणांची यादी. तेथे गुण हवेतच, पण नववीपासूनचे चारही वर्षांचे हवेत, आणि अर्ज बारावीच्या निकालानंतर करावयाचा नसून बारावीचे वर्ष चालू असतानाच करावयाचा असतो. लवकरच्या फेरीची मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीचा पहिला आठवडा. म्हणजे दिवाळीचे फटाके आणि नाताळची सुटी या दोहोंच्या मध्ये घरात एक कार्य निघालेले असते, असे समजावे.

या कार्यात पहिली अडचण येते ती नावाची, आणि ती खास आपली आहे. महाराष्ट्राच्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे नाव छापलेले असते. अमेरिकन कारकून शेवटचा शब्द आडनाव समजतो. त्यामुळे मुलगी एका कागदावर पाटील, तर दुसऱ्यावर वडिलांच्या नावाने ओळखली जाते, आणि तिची परीक्षेची गुणसंख्या तिच्या अर्जाला जाऊन मिळतच नाही. पारपत्रावर जे नाव असेल तेच, त्याच क्रमाने, सर्वत्र लिहावे. तारखेचेही तसेच: तेथे महिना आधी आणि दिवस नंतर. आठ मार्चला जन्मलेला मुलगा क्षणार्धात तीन ऑगस्टचा होतो.

अर्जात आपल्या उद्योगांसाठी दहा रकाने असतात, आणि प्रत्येक उद्योगाच्या वर्णनास केवळ दीडशे अक्षरांची जागा. मोकळ्या जागाही त्यातच मोजतात. येथे आपली मुले दोन प्रकारे चुकतात. काही जण पाचवीतल्या चित्रकलेच्या परीक्षेपासूनची प्रशस्तिपत्रके ओततात. याउलट जी मुलगी पहाटे उठून आजारी आजीचे सारे करते, धाकट्या भावाला शिकविते आणि सायंकाळी वडिलांच्या दुकानाचा हिशेब पाहते, ती मात्र ‘मी काहीच केलेले नाही’ म्हणून रकाने कोरे सोडते. वस्तुतः त्या अर्जात कौटुंबिक जबाबदारी असा स्वतंत्र प्रकारच दिलेला आहे, आणि पगारी कामाचाही आहे. ‘दुकानात मदत’ एवढ्यावर न थांबता किती तास, किती वर्षे आणि नेमके काय, हे लिहावे. वाचणारा गृहस्थ आपल्या गावचा नाही. त्याला किराणा दुकान म्हणजे काय हे कल्पनेनेच पाहावयाचे आहे.

मग येतो निबंध. त्याला किमान २५० आणि कमाल ६५० शब्दांची मर्यादा. निबंध हा शब्दच आपला घात करतो, असे माझे मत झाले आहे. शाळेत निबंध म्हणजे सुभाषिताने आरंभ, थोर पुरुषांची नावे आणि शेवटी देशोन्नतीची हाक. माझ्या परिचयाच्या एका मुलाने असाच एक लिहून मला दाखविला. विषय पाण्याचे दुर्भिक्ष्य. भाषा डौलदार, आणि मुलाचा त्यात पत्ता नाही! बोलता बोलता तो म्हणाला, “आमच्याकडे टँकर येतो तेव्हा रांग मी लावतो, कारण कोणाच्या घरी किती हंडे लागतात हे मला पाठ आहे.” मी म्हटले, “अरे, हेच लिही.” त्याला ते फार सामान्य वाटले. तीन दिवस तो रुसून होता. मग त्याने लिहिले, आणि त्या निबंधात प्रथमच तो स्वतः उभा राहिलेला दिसला.

हा निबंध दुसऱ्याकडून लिहवून घेण्याचा मोह अनेक पालकांना होतो, आणि पैसे घेऊन लिहून देणारेही भेटतात. अलीकडे हे काम यंत्राकडूनही करवून घेतात. यंत्राने लिहिलेला मजकूर आपला म्हणून देणे ही लबाडी समजली जाईल, असे कॉमन अ‍ॅप्लिकेशनच्या नियमांत २०२३ पासून लिहिलेले आहे. अर्जाखाली मुलाची सही असते, ती याही गोष्टीची असते. वडिलधाऱ्यांनी वाचून ‘येथे मला कळले नाही’ एवढे सांगावे. लेखणी हातात घेऊ नये.

शिक्षकांच्या शिफारसपत्रांविषयी थोडे. ‘हा विद्यार्थी आज्ञाधारक, कष्टाळू व सुस्वभावी आहे’ या एका वाक्यावर आपल्याकडे पिढ्या उत्तीर्ण झाल्या. तेथे त्याचा उपयोग नाही. वर्गात मुलाने कोणता प्रश्न विचारला, कोठे अडला आणि मग काय केले, हे शिक्षकाने लिहावयास हवे. म्हणून शिक्षकांकडे निदान दीड महिना आधी जावे आणि सोबत अशा दोनचार प्रसंगांचे टिपण न्यावे. ज्या शाळेत मार्गदर्शक नाही तेथे त्याचा भाग मुख्याध्यापकांनी भरला तरी चालते. मात्र त्यांना ते समजावून सांगणे हे मुलाचेच काम होऊन बसते.

सर्वांत नाजूक बाब पैशाची. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक साहाय्य मागितले, तर बहुतेक महाविद्यालये निर्णय घेताना ती गोष्ट जमेस धरतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमर्स्ट यांसारख्या मोजक्याच संस्था ती बाजूस ठेवतात. नाकारले जाण्याच्या भीतीने काही कुटुंबे ‘साहाय्य नको’ अशी खूण करतात आणि प्रवेश मिळाल्यावर कर्ज काढावयास धावतात. असे करू नये. तेव्हा मागावयास गेल्यास अनेक ठिकाणी दार बंद झालेले असते. त्यातच ‘अर्ली डिसिजन’ नावाची फेरी आहे. तीत निवड झाली तर तेथेच जाण्याचे वचन आधी द्यावे लागते, आणि त्या कागदावर पालकांचीही सही लागते. त्या वचनातून मोकळीक मिळते ती मुख्यतः मिळालेले साहाय्य अपुरे पडल्यासच. तेव्हा आईवडिलांनी मुलासमोर घरचा खरा हिशेब मांडावा, आणि तो ऑक्टोबरात मांडावा. पुष्कळ घरांत ही बैठक एप्रिलमध्ये होते, आणि ती फार दुःखाची असते.

आता शेवटचे दोन दिवस. अर्ज धाडण्यापूर्वी त्याची छापील पानांसारखी प्रत पडद्यावर दिसते. ती कागदावर काढून मोठ्याने वाचावी. डोळ्यांना न दिसलेली चूक कानाला कळते. निरनिराळ्या महाविद्यालयांसाठी ‘आमच्याकडेच का येता?’ अशा अर्थाचे लहान निबंध असतात. त्यांत एकाचे नाव दुसऱ्याच्या अर्जात राहून जाणे हा नित्याचा अपघात आहे. एकदा अर्ज गेला की त्या महाविद्यालयापुरता तो बदलता येत नाही. शुल्क परदेशी चलनात भरावे लागते, आणि ते चालेल असे कार्ड घरात आहे की नाही, हे मध्यरात्री शोधण्याची गोष्ट नव्हे.

शेजारच्या घरातील मुलीने गेल्या खेपेस ३१ डिसेंबरला दुपारीच अर्ज धाडला. पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उधळले गेले, आईने साखर वाटली. दोन दिवसांनी महाविद्यालयाने उघडून दिलेल्या खात्यात पाहते तो, गणिताच्या बाईंचे पत्र पोहोचलेलेच नाही. घरात रडारड. परंतु मुदत असते ती मुख्यतः विद्यार्थ्याच्या भागाला. शाळेकडून येणाऱ्या कागदांना बहुतेक ठिकाणी थोडी सवलत देतात. तिने महाविद्यालयास चार ओळींचे नम्र पत्र लिहिले, बाईंच्या घरी जाऊन त्यांना संगणकापुढे बसविले, आणि ४ जानेवारीला खात्यातील त्या ओळीपुढे ‘प्राप्त’ अशी खूण उमटली. मग ती बारावीच्या अभ्यासाला लागली, कारण वर्षाच्या मध्याचे गुण अजून पाठवावयाचे होते.