ड्राय बाल्कनीतलं सिंक आणि आईची इरकल

आज कोडिंग नाही, आज कपडे. हसू नका, पुढे ऐका.

मागच्या वर्षी आई पुण्यात माझ्या फ्लॅटवर आली होती. तिची मोतिया रंगाची इरकल, आजीने दिलेली. ती थोडी मळली, तर मी हौसेने म्हटलं, 'मी धुतो.' मशिनमध्ये नको म्हणून किचनच्या सिंकमध्ये भिजवली, साबण लावला आणि साडीवर लालभडक डाग! मला वाटलं, पदराचा रंग गेला. आई म्हणाली, 'अरे, ही हळद आहे.' सिंकच्या जाळीत आमटीची हळद अडकलेली होती, आणि हळद अल्कधर्मी साबणाला लागली की लाल होते. आईने तेवढाच भाग उन्हात धरला, तशी हळद फिकी झाली. पण त्याच जाळीच्या कडेला अडकून एक धागा ओढला गेला होता. तो तसाच राहिला. आई काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं.

मग ड्राय बाल्कनीत कपड्यांसाठी वेगळं सिंक बसवायचं ठरवलं. दुकानात शिरलो आणि कळलं, की आधी आपली गरज लिहून काढायला हवी.

पहिली गोष्ट, माप. आतून २२ बाय १६ इंच आणि १० इंच खोल सिंकमध्ये साधारण ५८ लिटर पाणी मावतं. अर्धं भरलं तरी २९ लिटर, म्हणजे २९ किलो. त्यामुळे खाली भक्कम ब्रॅकेट किंवा कडाप्प्याचा ओटा पाहिजेच.

दुसरी, उंची. हात काठावर नाही, तळाशी काम करतात. काठ ३४ इंचांवर आणि खोली १० इंच असेल, तर तळ २४ इंचांवर जातो आणि कंबर बोलायला लागते. ऑर्डर देण्याआधी घरात जो धुणार, त्याला उभं करून मोजा.

तिसरी, कोपरे आणि जाळी. काटकोनी कोपरे फोटोत छान दिसतात, पण साबण तिथेच साचतो. गोलसर कोपरे घ्या. जाळीवरून आणि काठावरून जुनी ओढणी फिरवून बघा. अडकली, तर ते सिंक नको. पाणी धरून ठेवणारं बूचही हवं, नाहीतर भिजवणार कशात?

चौथी, स्टील. ३०४ ग्रेड मागा. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून गंज कमी. गेजचा आकडा उलटा चालतो: १८ गेज हे २० पेक्षा जाड.

आणि सिंक कितीही भारी असलं, तरी रेशीम आणि लोकर ही प्रथिनं आहेत. क्लोरीनचं ब्लीच त्यांना खातं आणि स्टीललाही खड्डे पाडतं. गार पाणी, सौम्य लिक्विड किंवा आजीचा रिठा. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं.

परवा आई पुन्हा आली. बॅगेतून तीच इरकल काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, 'धू.'

यापेक्षा चांगला रिव्ह्यू मला ऑफिसात कधी मिळालेला नाही. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!