३२ इंचांचे दार

सार्वजनिक स्वच्छतागृह दिव्यांग व्यक्तीच्या उपयोगाचे आहे की नाही, हे दारावरच्या निळ्या पाटीवरून नव्हे, तर मोजपट्टी लावल्यावर कळते; कारण त्यातले प्रत्येक माप शरीराच्या एखाद्या हालचालीतून निघालेले असते. अमेरिकेत १९९० साली झालेल्या दिव्यांगविषयक कायद्याखालील, २०१० साली सुधारलेल्या आणि १५ मार्च २०१२ पासून बंधनकारक झालेल्या मानकांत हे नाते स्पष्ट दिसते.

पहिली अट स्वच्छतागृहातल्या कमोडच्या कप्प्याच्या दाराची. दार काटकोनात उघडल्यावर त्याची फळी आणि समोरची चौकट यांच्यामध्ये उरणारी मोकळी रुंदी किमान ३२ इंच, म्हणजे सुमारे ८१ सेंटिमीटर असावी लागते. हे दार कमोडपासून दूरच्या कडेला असते, त्यामुळे व्हीलचेअर कमोडला न अडता शेजारच्या मोकळ्या जागेत जाते. दार कप्प्याच्या किमान आवश्यक जागेत उघडता कामा नये. आत उघडणारे दार खुर्चीची जागा खाते आणि आतली व्यक्ती पडली, तर तिच्याच अंगाने अडून मदतीची वाटही बंद करते. बाहेर उघडलेले दार मात्र खुर्चीत बसून, मागे हात नेऊन ओढणे कठीण असते, म्हणून ते आपोआप मिटणारे असावे आणि दोन्ही बाजूंना कडीजवळ मूठ असावी, असा नियम आहे. कडीही एका हाताने, चिमटीत न धरता व मनगट न पिरगळता सरकली पाहिजे. संधिवाताने आखडलेल्या बोटांना गोल खुंटी फिरवता येत नाही, पण आडवी कडी मुठीच्या कडेने लोटता येते.

कप्प्याची रुंदी किमान ६० इंच असते, कारण आत सर्वांत अवघड क्रिया घडते: खुर्ची कमोडशेजारी लावून ब्रेक दाबायचा, एक हात भिंतीवरच्या आधारदांड्यावर, दुसरा खुर्चीवर रोवायचा आणि सारा भार हातांवर तोलून आडवे सरकायचे. म्हणूनच बैठकीची उंची १७ ते १९ इंच, म्हणजे जवळपास व्हीलचेअरच्या बैठकीइतकी ठेवतात आणि कमोडचा मध्य बाजूच्या भिंतीपासून १६ ते १८ इंचांवर येतो. तो आणखी दूर गेला, तर दांडा हाताच्या टप्प्यात राहत नाही. दांडे जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर बसवतात आणि त्यांनी २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलो भार सोसावा लागतो. सहा किंवा अधिक कप्पे असतील, तेथे कुबड्या वापरणाऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना दांडे असलेला, ३५ ते ३७ इंच रुंदीचा आणखी एक कप्पा लागतो.

भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सुगम्यता, म्हणजे कोणालाही विनाअडथळा वापर करता येणे, हा हक्क मानला. तथापि प्रत्यक्ष मापे बऱ्याच अंशी शिफारशींच्याच स्वरूपात राहिली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात हा दोष दाखवून किमान मानके बंधनकारक करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला.

बंधनाचा हा आग्रह योग्यच आहे, कारण ही मापे साखळीसारखी एकमेकांत गुंतलेली असतात: दार रुंद असूनही कमोडशेजारी बादल्या आणि झाडू ठेवले, तर खुर्चीला जागा उरत नाही आणि बाकीचे सारे व्यर्थ जाते. कागदावर कमोड दोन इंच सरकवायला एक रेघ पुरते. लाद्या बसल्यावर त्याच दोन इंचांसाठी जमीन फोडावी लागते.