इमारत-प्रतिमानातील स्वनिर्मित गुणधर्मांचे नामकरण

इमारतीच्या संकल्पनासाठी व बांधणीसाठी आज नकाशांच्या जोडीला संगणकीय प्रतिमान वापरले जाते. या पद्धतीस ‘बिम’ असे संक्षिप्त नाव आहे. अशा प्रतिमानातील भिंत ही केवळ रेषांची आकृती नसते. तिचे साहित्य, उष्णतावहन, अग्निरोधकता इत्यादी माहिती तिला जोडलेली असते. प्रत्येक प्रकल्पाच्या सर्व गरजा आज्ञावलीच्या कर्त्यांना आधी कळणे शक्य नसल्यामुळे, वापरणाऱ्यास स्वतःचे गुणधर्म निर्माण करण्याची मुभा दिलेली असते. नामकरणाचा प्रश्न या मुभेतूनच उद्भवतो.

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. समजा, वास्तुशिल्पज्ञाने भिंतीची अग्निरोधकता ‘फायररेटिंग’ या नावाने नोंदली आणि अभियंत्याने ‘फायर_रेझिस्टन्स’ या नावाने. दोहोंचा अर्थ एकच, हे मनुष्य ओळखील. तपासणीची आज्ञावली मात्र अक्षरे ताडून पाहते. तिला पहिलेच नाव शोधावयास सांगितले असेल, तर दुसरी नोंद असूनही तिच्या लेखी नसल्यासारखीच होय.

हा घोटाळा टाळण्यासाठी बिल्डिंगस्मार्ट या आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘आयएफसी’ ही माहिती-विनिमयाची रचना सिद्ध केली. २०१३ साली तिला आयएसओ १६७३९ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तीत भिंतीसाठी ‘पीसेट_वॉलकॉमन’ हा गुणधर्म-संच असून ‘फायररेटिंग’, ‘लोडबेअरिंग’ व ‘इझएक्स्टर्नल’ हे गुणधर्म त्यात येतात. ‘पीसेट_’ हे पूर्वपद मानकातील संचांसाठी राखून ठेवले आहे. परिमाणांच्या संचांसाठी ‘क्यूटीओ_’ हे पूर्वपद आहे. या पूर्वपदाचा अर्थ असा की, संचाची व्याख्या मानकाच्या ग्रंथात सापडेल. स्वतःच्या संचास ते लावणारा नकळत खोटी ग्वाही देतो. शिवाय पुढील आवृत्तीत मानकाने तेच नाव निराळ्या अर्थाने स्वीकारल्यास, जुन्या प्रतिमानांचा अर्थच संदिग्ध होतो.

तथापि केवळ नावाने काम भागत नाही, कारण दोन संस्था स्वतंत्रपणे एकच नाव योजू शकतात. रेव्हिट या आज्ञावलीत २०१२ च्या आवृत्तीपासून आलेली विस्तारक्षम साठवणुकीची सोय या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे स्वनिर्मित माहितीच्या आराखड्यास वाचनीय नाव असते, निर्मात्याची खूण जोडता येते आणि १२८ बिटांचा ओळख-क्रमांक द्यावाच लागतो. आराखड्याची खरी ओळख त्या क्रमांकाने होते. नाव मनुष्यासाठी असते. एकदा निश्चित झालेला आराखडा बदलता येत नाही. नवे क्षेत्र जोडावयाचे झाल्यास नवा क्रमांक घेऊन नवा आराखडा करावा लागतो. हे बंधन जाचक वाटले तरी त्यामुळेच जुन्या नोंदींचा अर्थ अबाधित राहतो.

यावरून तीन नियम निष्पन्न होतात. हवा असलेला गुणधर्म मानकात आहे काय, हे प्रथम पाहावे. असल्यास तोच वापरावा. नसल्यास स्वतःच्या संस्थेचे किंवा प्रकल्पाचे पूर्वपद लावून नवे नाव द्यावे. राखीव पूर्वपदास हात लावू नये. आणि प्रत्येक नव्या नावाची व्याख्या व एकक लिहून प्रतिमानासोबत सुपूर्द करावे. इमारत अनेक दशके उभी राहते. तिच्या दुरुस्तीच्या वेळी नाव देणारा अर्थ सांगावयास हजर असेलच असे नाही.