चौकातील दिवा कोणाची वाट पाहतो?

घरापासून दोनशे पावलांवर देऊळ असावे, देवळाशेजारी वाचनालय असावे, आणि तरीही घरातील वृद्ध आजोबांनी वर्ष-वर्षभर त्या दोन्ही ठिकाणी एकट्याने जाऊ नये, असा प्रकार आज शहरांतील अनेक कुटुंबांत दृष्टीस पडतो. कारण शोधू गेल्यास आजोबांचे पाय अगदीच थकले आहेत असे नसते. मध्ये एक रुंद रस्ता असतो, त्या रस्त्यावर चौक असतो, चौकात सिग्नल असतो, आणि आजोबा रस्त्याच्या मध्याच्या थोडे पुढे जातात न जातात तोच समोरचा हिरवा माणूस तांबडा होतो. एकदोन वेळा असा प्रसंग आला, एखाद्या मोटारवाल्याने कर्कश भोंगा वाजविला, की म्हातारा मनुष्य घरच्यांस काही न सांगता बाहेर जाणेच सोडून देतो. घरची मंडळी म्हणतात, "आता त्यांचे वय झाले." वय झाले हे खरेच, परंतु ह्यात सगळा दोष वयाचा नाही. काही दोष अंकगणिताचा आहे. ते अंकगणित कोणीतरी मांडलेले आहे, आणि म्हणूनच ते बदलताही येते. त्या अंकगणिताचा, आणि ते चालविणाऱ्या यंत्रांच्या आज्ञावलीत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, अलीकडे ज्या नव्या सोयी आल्या आहेत त्यांचा, वाचकांस थोडा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

चौकात दिवे लावून रहदारी आवरण्याची युक्ती मूळची आगगाडीच्या खात्यातील. जे. पी. नाइट नावाच्या रेल्वे इंजिनिअराच्या योजनेप्रमाणे १८६८ सालच्या डिसेंबरात लंडन येथे पार्लमेंटच्या इमारतीजवळ असा पहिला खांब उभा राहिला. दिवसा त्या खांबाचे हात वर-खाली होत, रात्री तांबडा व हिरवा असे गॅसचे दिवे लागत, आणि हे सारे काम एक पोलीस शिपाई हाताने करी. पुढच्याच महिन्यात गॅस गळून स्फोट झाला, शिपाई जखमी झाला, आणि तो प्रयोग तेथेच थांबला. पुढे १९१४ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी विजेचे दिवे आले, आणि १९२० साली डेट्रॉइट येथील विल्यम पॉट्स ह्या पोलीस अंमलदाराने चारही दिशांस दिसणारा तिरंगी दिवा तयार केला. ह्या इतिहासातील एक गोष्ट मात्र विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लंडनचा तो पहिला खांब गाड्या वेगाने पुढे जाव्या म्हणून उभारलेला नव्हता. पायी चालणारास रस्ता निर्धास्तपणे ओलांडता यावा म्हणून गाडीवानांस सावध करणे हा त्याचा हेतू होता. सिग्नलाचा जन्म पादचाऱ्यासाठी झाला. तो मोटारींचा सेवक पुढे बनला.

तो कसा बनला हे समजण्यासाठी चौकाच्या कडेला उभ्या असणाऱ्या लोखंडी पेटीत काय चालते हे पाहिले पाहिजे. ह्या पेटीतील यंत्रास मुख्यतः तीन आकडे सांगावे लागतात. पहिला आकडा आवर्तनाचा: सगळ्या बाजूंची पाळी एकदा होऊन पुन्हा पहिल्या बाजूस हिरवा दिवा लागेपर्यंत किती सेकंद जावे. दुसरा वाटणीचा: त्या आवर्तनातील किती सेकंद कोणत्या बाजूस द्यावे. तिसरा लागोपाठच्या चौकांतील अंतराचा: ह्या चौकात हिरवा दिवा लागल्यावर पुढील चौकात तो किती सेकंदांनी लागावा, की ज्यामुळे सुटलेला मोटारींचा तांडा न थांबता पुढे निघून जाईल. १९५८ साली ब्रिटनच्या रस्ते-संशोधन प्रयोगशाळेतील एफ. व्ही. वेबस्टर ह्यांनी पहिल्या दोन आकड्यांचे गणित बसवून दिले, आणि ते आजही इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांस शिकविले जाते. गणित उत्तमच आहे. परंतु त्यात सर्वांत कमी करावयाची गोष्ट म्हणजे वाहनांचा खोळंबा. जे मोजले नाही ते कमी कसे होणार?

एकदा ठरविलेले आकडे वर्षानुवर्षे तसेच ठेवले तर काय होते, हे आपल्या वाचकांस पंचांगाच्या उदाहरणावरून चटकन समजेल. जुन्या ग्रंथावरून केलेले गणित प्रथम आकाशाशी बरोबर जुळते, मग पळापळाने मागे-पुढे होते, आणि अखेरीस ग्रहण एका वेळी व पंचांगातील आकडा दुसऱ्याच वेळी अशी स्थिती येते. चौकाचेही तसेच. नवी शाळा निघते, नवी चाळीस बिऱ्हाडांची इमारत उठते, रस्ता एकदिशा होतो, आणि पेटीतील आकडे मात्र जुनेच राहतात. म्हणून रोजच्या रोज स्वतःच वेध घेणारे पंचांग असावे, तसे स्वतः रहदारी पाहून आकडे बदलणारे सिग्नल तयार करण्याचे प्रयत्न झाले. टोरांटो शहराने १९६३ साली सिग्नल चालविण्यास संगणक लावला. त्यानंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये ग्लासगो शहरी 'स्कूट' ह्या पद्धतीची परीक्षा झाली, आणि ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे 'स्कॅट्स' ही पद्धती निघाली. ह्या पद्धतींत रस्त्याच्या पृष्ठभागाखाली तारेची वेटोळी पुरलेली असतात. वरून मोटार गेली की तिचे लोखंड त्या वेटोळ्यास जाणवते व मोजणी होते. 'स्कूट'चा एक गुण आम्हांस विशेष आवडतो. ती एकदम मोठा फेरफार करीत नाही. चार-चार सेकंद पुढे-मागे करीत रहदारीच्या कलाने चालते.

आपल्या देशात मोटार, रिक्षा, सायकल, हातगाडी हे सर्व एकाच रस्त्यावर ओळ न धरता चालतात, म्हणून परदेशी पद्धती जशीच्या तशी येथे लागू पडत नाही. हे ओळखून, पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या सरकारी संस्थेच्या तिरुवनंतपुरम येथील शाखेने 'कोसिकॉस्ट' नावाची स्वदेशी पद्धती तयार केली. तसेच २०२३ साली गूगल कंपनीने, लोकांच्या फोनांवरील नकाशांतून कळणाऱ्या गाड्यांच्या गतीवरून कोणत्या चौकात किती सेकंद बदलावे ह्याचा सल्ला देण्याची आपली योजना जाहीर केली. तीत कोलकाता, हैदराबाद व बंगळूर ही शहरेही होती.

ह्या आज्ञावलींच्या नव्या आवृत्त्यांत पुष्कळ सोयी आल्या आहेत. वेटोळ्याऐवजी कॅमेरा किंवा रडार मोजणी करते. रुग्णवाहिका वा बंब येत असल्यास तिच्या वाटेचे दिवे आधीच हिरवे करता येतात. भरलेली बस उशिरा धावत असेल तर तिच्यासाठी हिरवा दिवा काही सेकंद लांबविता येतो. ही शेवटची सोय दिसते त्याहून महत्त्वाची आहे. जुन्या हिशेबात पन्नास माणसांची बस म्हणजे फार तर दोन-तीन मोटारी. नव्या हिशेबात आत बसलेली माणसे मोजणे शक्य झाले.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या मुद्द्याकडे वळू. पादचाऱ्यास किती सेकंद द्यावे हे ठरविताना माणूस सेकंदास १.२ मीटर चालतो असे पुष्कळ काळ धरले जात असे. अठरा मीटर रुंदीचा रस्ता घेतला तर पंधरा सेकंद पुरे झाले. परंतु इंग्लंडात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पासष्ट वर्षांवरील पुरुषांची सरासरी गती सेकंदास ०.९ मीटर आणि स्त्रियांची ०.८ मीटर भरली. ह्या हिशेबाने आजीबाईंस तोच रस्ता ओलांडण्यास साडेबावीस सेकंद पाहिजेत. पंधराव्या सेकंदास त्या बारा मीटरवर असतात, आणि पुढे सहा मीटर, म्हणजे शेजारी-शेजारी दोन मोटारी धावतील एवढा रस्ता, उरलेला असतो. भोंगा वाजतो तो येथे! आजीबाईंनी काही चूक केलेली नसते. गणित मांडणाराने त्यांस जमेसच धरलेले नसते. अमेरिकेने २००९ साली आपल्या नियमपुस्तकातील पादचाऱ्याची गती सेकंदास चार फुटांवरून साडेतीन फुटांवर आणली, ती अशाच विचाराने.

पण सर्वांसाठी नेहमीच जास्त सेकंद ठेवले, तर रस्ता रिकामा असतानाही मोटारी उगाच खोळंबतील, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे, आणि नव्या सोयींचा खरा उपयोग येथेच होतो. सिंगापूरने २००९ साली अशी योजना काढली की, वृद्धाने आपले सवलतीचे कार्ड खांबावरील यंत्रास लावावे, म्हणजे रस्त्याच्या रुंदीप्रमाणे तीनपासून तेरापर्यंत जादा सेकंद मिळावे. ब्रिटनमधील कित्येक ठिकाणी रस्त्यावर माणूस अजून चालत आहे हे यंत्र स्वतःच ओळखते व तो पोहोचेपर्यंत मोटारींस अडवून धरते. उलट कळ दाबून माणूस निघून गेला असेल तर ती मागणी रद्दही करते. न्यूयॉर्कमध्ये हजारो चौकांत मोटारींच्या आधी काही सेकंद पादचाऱ्यास हिरवा दिवा मिळतो, म्हणजे वळणाऱ्या मोटारीस तो रस्त्यात स्पष्ट दिसतो. जो मागेल त्यास, जेव्हा लागेल तेव्हा, लागेल तेवढेच द्यावयाचे, हे ह्या सर्वांमागील तत्त्व होय.

हे तत्त्व आपणांस परके नाही. आपल्याकडील पंगतीत तरुण मंडळींचे जेवण लवकर आटोपते. पण वडील माणसाचा भात अजून पानावर आहे तोवर कोणी उठत नाही. सर्वांची उत्तरापोशने बरोबर होतात. त्यात तरुणांची पाच मिनिटे जातात, हे खरे. परंतु ती फुकट गेली असे आपण कधी म्हणत नाही.

यंत्रावर इतके सोपवावे काय, अशी शंका काही वाचकांस येईल. तिचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. पेटीत संगणकाहून वेगळे एक पहारेकरी यंत्र बसविण्याची पद्धत आहे. दोन विरुद्ध दिशांस एकाच वेळी हिरवा दिवा लागत आहे असे दिसताच ते संगणकाचा कारभार बंद करून दिवे लुकलुकते करते. आज्ञावली कितीही बदलली तरी ह्या पहारेकऱ्यास ती हात लावू शकत नाही. परंतु दुसरी बाजूही आहे. २०१४ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी, संबंधित रस्तेखात्याच्या परवानगीने, सुमारे शंभर सिग्नलांच्या जाळ्याची परीक्षा केली. तेव्हा बिनतारी संदेश उघडे जात असल्याचे आणि कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द कोणी बदललेच नसल्याचे त्यांस आढळले. नवी आवृत्ती घेणे म्हणजे केवळ नव्या सोयी घेणे नव्हे. जुनी भगदाडे बुजविणेही त्यातच येते.

तसेच, यंत्र सर्व काही करील अशा भ्रमातही राहू नये. डावीकडचे वळण सदैव मोकळे ठेवलेले असेल, पदपथावर दुचाक्या उभ्या असतील, आणि मोटारी पांढऱ्या पट्ट्यांवरच येऊन थांबत असतील, तर वाढविलेले सेकंद कागदावरच राहतील. मुंबईत दादर भागात २०२० साली सिग्नलांवरील पादचाऱ्याच्या चित्रात स्त्रीची आकृती आली, आणि त्याचे पुष्कळ कौतुक झाले. ते योग्यच होते; परंतु त्या आकृतीस रस्ता ओलांडण्यास किती सेकंद मिळतात, हा प्रश्न प्रत्येक चौकात स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

तो विचारणे आपल्या हाती आहे. एखाद्या सकाळी घरातील शाळकरी मुलांस बरोबर घेऊन जवळच्या चौकात जावे. रस्त्याची रुंदी पावलांनी अजमावावी, हिरवा माणूस किती सेकंद राहतो हे घड्याळात पाहावे, आणि आजी-आजोबांस अंगणातच तेवढे अंतर त्यांच्या गतीने चालावयास सांगून वेळ घ्यावा. दोन आकड्यांत तफावत दिसल्यास ते दोन्ही आकडे लिहून नगरपालिकेच्या वाहतूक खात्याकडे पाठवावे, आणि पादचाऱ्याची गती किती धरली आहे, कळ दाबल्यास ती मानली जाते काय, आणि हे आकडे शेवटचे केव्हा तपासले, एवढे तीन प्रश्न नम्रपणे विचारावे. "सिग्नल नीट नाही" ह्या तक्रारीस उत्तर देणे टाळता येते. "सात सेकंद कमी पडतात" ह्या वाक्यास उत्तर द्यावेच लागते.

असो. आजोबा पुन्हा वाचनालयात जाऊ लागावे, ह्यासाठी नवा पूल नको की नवा रस्ता नको. चौकातील पेटीत एक आकडा बदलावयाचा आहे, आणि तो बदला असे कोणीतरी जाऊन सांगावयाचे आहे.