भरती म्हणजे लाट नव्हे

पावसाळा आला की मुंबईच्या बातम्यांत एक मथळा हमखास दिसतो: ‘आज समुद्रात ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार’. आकडा बरोबर असतो, पण तो लाटेचा नसून भरतीचा असतो. भरतीची उंची मोजण्यासाठी एक शून्य ठरवलेले असते आणि ते सर्वात खालच्या ओहोटीच्या आसपास धरतात. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच या शून्याच्या साधारण अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ मीटरच्या भरतीला पाणी सरासरीपेक्षा सव्वादोन मीटरच्या आसपास चढते, आणि तेही सहा-एक तासांत, हळूहळू. वारा पडलेला असेल तर अशा दिवशी समुद्र काठोकाठ भरूनही शांत दिसतो. लाटांची उंची त्या चढलेल्या पाण्यावर वेगळी मोजावी लागते.

भरतीचा आकडा कळायलाच हवा, पण त्याचे कारण वेगळे आहे. समुद्राची पातळी वर असली की शहरातल्या पावसाच्या पाण्याला बाहेर पडायला उतार उरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि त्याच दुपारी मोठी भरती होती. कोळीवाड्यात भरती आणि लाट यांचा असा घोटाळा होत नाही. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, अष्टमीच्या सुमाराचा भांग (लहान भरती) हा एक हिशेब आणि वाऱ्याने उठणारी लाट हा दुसरा.

आता खुद्द लाटेकडे येऊ. लाट दूरवरून पाणी घेऊन किनाऱ्याकडे धावते, असे जवळजवळ सगळ्यांनाच वाटते. जेट्टीवरून पाण्यात तरंगणाऱ्या एखाद्या नारळावर नजर ठेवा. लाटेचा माथा आला की तो वर उचलला जातो आणि थोडा पुढे सरकतो. खळगा आला की खाली बसतो आणि मागे येतो. लाट निघून जाते, नारळ जवळपास जागच्या जागी राहतो. खोल समुद्रात पाण्याचा प्रत्येक थेंब असाच वर्तुळात फिरतो. ही वर्तुळे खाली जाताना लहान होत जातात आणि दोन माथ्यांमधल्या अंतराच्या निम्म्या खोलीवर जवळपास संपतात. पुढे जाते ती ऊर्जा. पाणी पुढे सरकते ते अगदी किंचित.

वारा नसला तर लाट नाही, हेही खरे नाही. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठवलेले लांब तरंग हजारो किलोमीटर ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतात. केरळात अशा लाटांना ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, म्हणतात. स्वच्छ आकाशाखाली त्या अचानक घरांत शिरतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था त्यांचे इशारे देते. इशाऱ्यातली लाटेची उंची ही सर्वात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणून ‘३ मीटर’ वाचून कठड्यावर उभे राहू नये. एखादी लाट त्याच्या दुप्पटीच्या जवळ जाऊ शकते.

उंच लाट जोरात धावते, हा समजही सोडावा. लाटेचा वेग मुख्यतः तिची लांबी आणि पाण्याची खोली ठरवतात. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी हिंदी महासागरातून जात असताना उपग्रहाने तिची उंची मोजली, ती जेमतेम ६० सेंटिमीटर भरली. चार किलोमीटर खोल पाण्यात अशी लाट ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने जाते. दहा मीटर खोलीवर तोच वेग ताशी ३६ वर येतो. मागचे पाणी पुढच्यावर चढते आणि लाट उंचावते.

नेहमीची लाटही उथळ पाण्यात अशीच उंचावते आणि खोली तिच्या उंचीच्या साधारण सव्वापटीवर आली की फुटते. इथे मात्र पाणी खरोखरच किनाऱ्याकडे लोटले जाते, आणि लोटलेले पाणी परत जायला वाट शोधते. बुडाल्याच्या बातम्यांत ‘लाटेने आत ओढले’ असे लिहिलेले असते. बहुतेक वेळा ओढणारा असतो तो हा परतीचा प्रवाह. वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोल पट्टीतून तो समुद्राकडे धावतो. तिथे खोली जास्त म्हणून लाटा कमी फुटतात, फेस कमी दिसतो, आणि नवखे पर्यटक नेमकी तीच जागा सुरक्षित समजून पाण्यात उतरतात.

हा प्रवाह माणसाला बाहेर नेतो, खाली खेचत नाही. त्याच्याविरुद्ध सरळ किनाऱ्याकडे पोहणारा दमतो आणि दमल्यामुळे बुडतो. पट्टी सहसा अरुंद असते. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत तिच्यातून बाहेर पडायचे आणि मग फुटणाऱ्या लाटांच्या बाजूने परत यायचे. तेवढी ताकद नसेल तर तरंगत राहायचे आणि हात वर करून मदत मागायची. फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे प्रवाहाचा जोर ओसरतो.