उपचार नाकारणाऱ्या वृद्ध आईवडिलांची सोबत

दरवर्षी ११ फेब्रुवारी रोजी, लूर्ड्स मातेच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली हा दिवस घोषित केला आणि १९९३ पासून तो साजरा होऊ लागला. त्या दिवशी अनेक धर्मग्रामांत आजाऱ्यांसाठी खास मिस्सा अर्पण केली जाते, वेदीपुढे खुर्च्यांची रांग मांडली जाते, वृद्धांच्या कपाळावर व तळहातांवर पवित्र तेल लावले जाते. परंतु जे त्या रांगेत येऊ शकत नाहीत, आणि ज्यांनी ‘आता मला कुठेही नेऊ नका’ असे मुलांना निक्षून सांगितले आहे, त्यांच्या घरी काय चालते याविषयी आपण फारसे बोलत नाही. आई वा वडील ऐंशीच्या घरात आहेत, कर्करोग शरीरात पसरला आहे, डॉक्टरांनी केमोथेरपी सुचविली आहे आणि आजारी माणूस ‘नको’ म्हणतो. अशा वेळी मुलांनी काय करावे? मन वळवावे, सक्ती करावी, की मुकाट्याने मान डोलवावी? आणि श्रद्धावंतांच्या मनाला बोचणारा त्याहून कठीण प्रश्न असा, की उपचार नाकारणे म्हणजे देवाने दिलेले जीवनच नाकारणे नव्हे काय?

काही वर्षांपूर्वी हा प्रश्न आमच्या घरी आला. आईला एकोणऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. पित्ताशयाचा कर्करोग यकृतात पसरल्याचे निदान झाले तेव्हा आम्ही भावंडांनी, आपल्याकडे बहुतेक घरांत करतात तेच केले: तिला सांगितले नाही. ‘पोटात सूज आहे, गोळ्यांनी उतरेल,’ असे आम्ही तीन आठवडे सांगत राहिलो. एका संध्याकाळी रोझरी झाल्यावर तिनेच विचारले, “सूज आहे तर तुम्ही दोघे माजघरात कुजबुजता कशाला?” मग सारे सांगावे लागले. तिने दोन दिवस विचार केला आणि केमोथेरपी घेणार नाही असे शांतपणे सांगितले. दादा संतापला. माझ्यावरही तो चिडला, कारण मी तिची बाजू घेतली असे त्याला वाटले. खरे तर तेव्हा माझी कुठलीच बाजू नव्हती. मला फक्त भीती वाटत होती.

या विषयावर ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे आणि ती आजची नाही. साधारण उपाय कोणते व असाधारण उपाय कोणते, यांची चर्चा कॅथलिक नीतिशास्त्रात सोळाव्या शतकापासून चालत आली आहे. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना पोप पायस बारावे यांनी सांगितले, की जीव व आरोग्य राखण्यासाठी साधारण उपाय योजणे हे माणसाचे कर्तव्य आहे. मात्र स्वतःवर किंवा इतरांवर अतिरेकी भार टाकणारे उपाय योजण्याचे बंधन त्याच्यावर नाही. व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने ५ मे १९८० रोजी दयामरणाविषयी जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात हाच धागा पुढे नेलेला आहे. जोखमीचा वा फार कष्टाचा उपचार नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे, ती मानवी मर्यादांची स्वीकृती असू शकते, असे ते निवेदन म्हणते. कुटुंबावर अतोनात खर्चाचा बोजा पडू नये ही इच्छादेखील त्यामागे असू शकते, हेही त्यात नमूद आहे. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातील परिच्छेद २२७८ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. हा निर्णय रुग्ण शुद्धीवर व विचार करण्यास समर्थ असेल तर त्याने स्वतःच घ्यावयाचा असतो. मुलांनी नव्हे, आणि धर्मगुरूंनीही नव्हे.

दयामरण ही गोष्ट याहून वेगळी आहे. मृत्यू घडवून आणण्याच्या हेतूने काही देणे, किंवा आवश्यक ते मुद्दाम न देणे, हे ख्रिस्तसभा सदैव निषिद्ध मानते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ मार्च १९९५ च्या ‘जीवनाची सुवार्ता’ या परिपत्रकात हा भेद मांडला आहे. पुढे २००५ साली त्यांची स्वतःची प्रकृती अखेरची ढासळली तेव्हा ते रुग्णालयात परतले नाहीत; २ एप्रिल रोजी आपल्या निवासस्थानीच, प्रार्थना करणाऱ्या सोबत्यांच्या सान्निध्यात, त्यांनी देह ठेवला.

शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांचे उदाहरण तर आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. १९९५ साली त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली, आणि पुढल्याच वर्षी तो यकृतात उद्भवला. केमोथेरपी थांबविण्याचा निर्णय त्यांनी घेतला. १४ नोव्हेंबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या काही दिवस आधी त्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून, डॉक्टरांच्या मदतीने मरण पत्करण्याला कायद्याने मान्यता देऊ नये अशी विनंती केली. स्वतः उपचार थांबविलेल्या माणसाने हे लिहावे, यात विसंगती नाही. उपचार सोडणारा मृत्यूची निवड करतोच असे नाही, तो अवाजवी उपचारांच्या भारावाचून जगण्याची निवड करतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. दादाला हे मी वाचून दाखविले तेव्हा तो काही बोलला नाही, पण त्याने कागद खिशात ठेवला.

असे असले तरी ‘नको’ हा शब्द ऐकताच मुलांनी सुटकेचा निःश्वास टाकावा असे मुळीच नाही. आधी हे पाहावे, की आजारी माणूस नेमके काय नाकारीत आहे आणि कशासाठी. आजार लपविलेला असेल तर त्याच्या नकाराला अर्थच उरत नाही. ज्याला काही ठाऊकच नाही तो निर्णय कसला घेणार? कित्येकदा वडील ‘नको’ म्हणतात ते वाडी विकावी लागेल या धास्तीने. त्यांना सांगावे, की महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च भागतो. मग पुन्हा विचारावे. कधी तीस वर्षांपूर्वी शेजाऱ्याला केमोथेरपीच्या उलट्यांनी झालेले हाल त्यांच्या डोळ्यांपुढे असतात. आता उलट्या थोपविणारी औषधे पुष्कळ सुधारली आहेत. कधी मूळ कारण खिन्नता असते. जोडीदार गेल्यापासून ज्याची झोप उडाली आहे, ज्याला कशातच रस उरलेला नाही, त्याचा नकार हा आजाराचाच आवाज असू शकतो, आणि त्यावर उपचार करता येतो. हे सारे तपासल्यानंतरही उत्तर तेच राहिले, तर ते त्या व्यक्तीचे उत्तर आहे असे समजावे आणि रोज नव्याने वाद घालणे थांबवावे. मात्र मत बदलण्यास दार उघडे असावे. उद्या आई ‘एकदा डॉक्टरांना भेटू या’ म्हणाली, तर ‘तूच नको म्हणालीस’ हे वाक्य तिला ऐकावे लागू नये.

रोगावरील उपचार नाकारला म्हणजे आजाऱ्याची शुश्रूषा नाकारली असे होत नाही. येथेच बहुतेक कुटुंबे फसतात. हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदना किरणोपचाराच्या एखाद्याच मात्रेने कमी होऊ शकतात. पोटात साठलेले पाणी काढून श्वासाला मोकळीक देता येते. कावीळ वाढून अंगाला खाज सुटली तर तीवर इलाज असतो. यांपैकी काहीही घेतले म्हणून आईने आपला शब्द मोडला असे होत नाही. लंडन येथे १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापन करणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशा सर्व वेदनांचा एकत्रित विचार करावयास वैद्यकाला शिकविले. तिलाच आज पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आपल्याकडे मुंबईत वांद्रे येथे, माउंट मेरीच्या परिसरात, १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले. ते भारतातील पहिले हॉस्पिस. बरे न होणाऱ्या कर्करुग्णांची तेथे विनामूल्य सेवा होते व गोव्यातही त्याची शाखा आहे. पुण्यात वारजे येथील सिपला केंद्र १९९७ पासून हेच कार्य करीत आहे.

मॉर्फिनविषयी दोन शब्द. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या जाचक अटींमुळे हे औषध कित्येक वर्षे वेदनाग्रस्तांना दुर्मीळ झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणे सुकर झाले. ‘मॉर्फिन दिले म्हणजे संपले’ ही समजूत चुकीची आहे. डॉक्टरांनी ठरविलेल्या मात्रेत, वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनने माणूस व्यसनी होत नाही. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती वेळेवर द्यावी, कळ असह्य होण्याची वाट पाहू नये, आणि सोबत पोट साफ होण्याचे औषध विसरू नये. वेदनाशामकांमुळे आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता असली तरी, मृत्यूचा हेतू नसल्यास, ती देणे योग्य आहे, हेही धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. वेदना प्रभूला अर्पण करणारी थोर माणसे आहेत. परंतु कुणी मुलाने आपल्या आईच्या वतीने तिच्या वेदना अर्पण करू नयेत!

अखेरच्या आठवड्यांत खाण्यावरून घरोघरी रणे माजतात. अन्नपाणी ही साधारण शुश्रूषा होय आणि शरीर ते स्वीकारते तोवर ती द्यावीच. पण मरणाच्या वाटेवरचे शरीर हळूहळू अन्न घेईनासे होते. ते पचवू शकत नसेल तेव्हा नळीने भरविण्याचे बंधन नाही, असे व्हॅटिकनच्या २०२० च्या ‘समारितानुस बोनुस’ या पत्रातही म्हटले आहे. अशा वेळी पेजेचे दोन चमचे पुरेत, ओठ ओल्या कापसाने टिपावेत, तोंड स्वच्छ ठेवावे. ‘एवढा घास तरी’ म्हणून कोंबलेला घास ठसका लावतो.

धर्मगुरूंना बोलावण्यासही आपण उशीर करतो. फादर तेलाची कुपी घेऊन ओट्यावर आले म्हणजे आता काही खरे नाही, अशी भीती आजही गावांतून आढळते. वास्तविक दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने स्पष्ट केले, की रुग्णाभ्यंग हा केवळ मरणासन्नांचा संस्कार नाही. आजारपणाने वा वार्धक्याने धोका निर्माण होऊ लागला की तो घ्यावा, आणि प्रकृती अधिक खालावल्यास पुन्हाही घेता येतो. अखेरच्या प्रवासासाठीची शिदोरी म्हणजे परमप्रसाद. तो गिळता येत असतानाच दिला जावा, हे ध्यानात ठेवावे. आईने अभ्यंग स्वतः मागून घेतला. त्या सकाळी तिने कपाटातले नवे लुगडे काढायला लावले.

कायद्याच्या अंगाने सांगायचे तर, ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व समर्थ व्यक्तीचा उपचार नाकारण्याचा हक्क मान्य केला. पुढे आपण बोलू शकणार नाही असे वाटल्यास आपली इच्छा आधीच लिहून ठेवता येते. २०२३ च्या सुधारणेनुसार त्यासाठी दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांची साक्ष पुरते. सक्रिय दयामरण मात्र भारतात बेकायदेशीरच आहे. एक व्यवहाराची गोष्टही सांगते. घरी मृत्यू झाल्यास मृत्यूच्या कारणाचा दाखला डॉक्टरांकडून लागतो. म्हणून ओळखीच्या डॉक्टरांना आधीपासून घरी येत राहण्याची विनंती करावी. रात्री धाप लागली तर कोणाला फोन करायचा, हेही कागदावर लिहून भिंतीवर लावावे. तो कागद नसला की गोंधळलेली मंडळी रुग्णवाहिका बोलावतात आणि ज्या अतिदक्षता विभागात जायचे नव्हते तेथेच आई पोहोचते.

आमची आई निदानानंतर साडेचार महिने जगली. त्यांतले पहिले अडीच महिने ती सकाळच्या मिस्सेला चालत गेली, पुढे रिक्षाने. अखेरचे दहा दिवस कठीण गेले. दोन रात्री तर आमचे धैर्य सुटले होते आणि रुग्णालयात हलवावे असे मलाच वाटू लागले होते. तेव्हा भिंतीवरच्या कागदावरचा क्रमांक दादाने फिरविला. डॉक्टरांनी फोनवरूनच मात्रा वाढवून दिली आणि पहाटे ती झोपली. केमोथेरपीचे निदान एक आवर्तन तरी देऊन पाहायला हवे होते, असे दादा अजूनही कधी कधी म्हणतो. मी वाद घालीत नाही. गोळ्यांच्या वेळा त्यानेच एका वहीत लिहिल्या होत्या, रात्री दोनच्या आणि पहाटे सहाच्यासुद्धा. ती वही आईच्या प्रार्थनापुस्तकाशेजारी त्याने अजून ठेवली आहे.